लग्नाच्या आहेरासाठी दुकानाच्या नावाचं कार्ड काढावं का?

नवीपेठ_कापडवाला

राम राम मंडळी. सोलापुरात नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. साड्या, ड्रेस मटेरियल आणि आहेराचा सगळा माल: टॉवेल, टोपी, चादर, ब्लाउजपीस. धाकट्या भावाचं रेडिमेडचं दुकान विजापूर रोडला आहे. दोन्हीकडं पाटी एकाच नावाची.

आहेराचा माल हल्ली कमी खपायलाय. लोक पाकीट देतात, नाहीतर मांडवात बसूनच फोनवरून पैसे पाठवतात. मग गिऱ्हाईकच म्हणायला लागलं, "तुमच्या दुकानाचं कुपन द्या की, नवरी तिला पाहिजे ती साडी घेईल." म्हणून साखर पेठेतल्या एका प्रेसमधून ५००, ११०० आणि २१०० ची कुपनं छापून घेतली, वर दुकानाचा शिक्का मारला. चांगली चालली. पण मागच्या वैशाखात एकाच नंबरची दोन कुपनं काउंटरवर आली. एक अस्सल, एक रंगीत झेरॉक्स, आणि आणणारे दोघं एकाच नवरदेवाचे पाहुणे. लग्नघराशी तोंड वाईट कशाला करायचं म्हणून दोन्ही घेतली. अकराशेला खड्डा.

आता तीन आठवडे झाले, पुण्याच्या एका कंपनीचा पोरगा डोकं खायलाय. म्हणतो, "काका, तुमच्या नावाचं रुपे कार्ड काढून देतो. वर दुकानाचा फोटो, सिद्धेश्वराचं चित्र, काय पाहिजे ते. कुठंही चालेल. बँकेची भानगड नाही, ॲप आमचं, सर्व्हर आमचा." सेटअपचे दीड लाख, कमीत कमी १००० कार्डं, एका कार्डाला ९० रुपये. शिवाय कार्ड वापरलं की दर वेळेला आम्हाला कमिशन, असं त्याचं म्हणणं.

कापडाच्या दुकानाला असं कार्ड काढता येतं का? लोकांनी भरलेला पैसा कुणाकडं राहतो? कमिशनचं खरं किती? बाबा एकच वाक्य बोलले, "आपण चादरी विकाव्यात, नोटा छापू नयेत." पण ते मोबाइललाही असंच म्हणाले होते.

पार्कचौक_भेळ

कुठंही चालणारं कार्ड दिलं तर नवरी ते घेऊन मॉलला जाईल की ओ. तुमच्या दुकानात कशाला येईल?

कार्डाच्या_पलीकडची

भेळवाल्यांनी एका ओळीत निम्मा निकाल लावला. उरलेला निम्मा मी सांगते.

दादा, मी जुळे सोलापूरची. अकरा वर्षं पुण्यात कार्डांच्या मागच्या कामात होते. मागच्या म्हणजे, दुकानातल्या मशीनवर कार्ड लावल्यावर 'मंजूर' किंवा 'नामंजूर' येतं ना, ते जिथून येतं तिथं.

आधी "बँकेची भानगड नाही" हे बघू. तुम्हाला बँकेत हेलपाटे घालावे लागणार नाहीत, एवढंच त्यात खरं आहे. कार्ड काढणारा कुणीतरी लागतोच, आणि तो एकतर बँक असतो नाहीतर रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली बिगरबँक कंपनी. त्याला इश्युअर म्हणतात. वरती रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांच्यापैकी एकाचं जाळं. मधे त्या पोराची कंपनी, म्हणजे प्लॅटफॉर्म. चेन्नईची एमटूपी किंवा अमेरिकेतली मार्केटा या याच धंद्यातल्या. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही: नाव, फोटो आणि गिऱ्हाईक. नवरीनं पार्क चौकात कार्ड लावलं की मशीनवाल्या बँकेकडून विचारणा रुपेकडं जाते. कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून रुपेला कळतं की हे कुणाचं कार्ड आहे. मग विचारणा प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर येते. शिल्लक आहे का, कार्ड बंद केलंय का, मर्यादेत आहे का, हे तपासून उत्तर परत जातं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. एवढी यंत्रणा आता भाड्यानं मिळते म्हणून तुमच्या दारात पोरगा आला. परवाना स्वतः काढायचा तर बिगरबँक कंपनीला अर्ज करतानाच ५ कोटींचं नक्त मूल्य, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, दाखवावं लागतं आणि तिसरं आर्थिक वर्ष संपेपर्यंत ते १५ कोटींवर न्यावं लागतं.

तर ते सुरुवातीचे आकडे, त्याला बिन म्हणतात, इश्युअरचे असतात. कार्डावर तुमचं नाव कितीही मोठं छापा, इश्युअरचं नावही ठळक दिसलंच पाहिजे असा नियम आहे.

पैसा. कागदी कुपनाचे अकराशे त्याच दिवशी तुमच्या गल्ल्यात पडतात आणि तुम्ही त्यातून सुरतेचा माल भरता. या कार्डाचे अकराशे तुमच्याकडं येतच नाहीत. बिगरबँक इश्युअर असेल तर ते शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी बाजूला ठेवलेल्या खात्यात, ठेवावे लागतात, त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. पण तुमचं खेळतं भांडवल गेलं, हे पोरानं सांगितलं नसणार.

आता कमिशन. दुकानदार कार्ड घेतल्याबद्दल जे शुल्क भरतो त्यातला एक भाग इश्युअरला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. त्यातून प्लॅटफॉर्म आपलं काढतो आणि उरलेल्या तुकड्याला तो पोरगा तुमचं कमिशन म्हणतो. उदार होऊन शेकडा १ रुपया धरू. अकराशेच्या कार्डावर ११ रुपये. कार्ड ९० रुपयांचं. आहेराचं कार्ड पुन्हा भरता येत नाही, म्हणजे ११ रुपये एकदाच. आणि दीड लाखाचा सेटअप अजून धरलेलाच नाही. त्यातही नवरीनं ते तुमच्याच दुकानात वापरलं तर ते शुल्क भरणारे दुकानदार तुम्हीच. आपल्याच खिशातून आपल्यालाच कमिशन.

गिफ्ट कार्डाचे बाकीचे नियम थोडक्यात: एका कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यातून रोख काढता येत नाही, मुदत कमीत कमी एक वर्ष.

आणि मी सगळ्यात आधी विचारला असता तो प्रश्न शेवटी. तुमची फर्म आहे की कंपनी? रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या प्रीपेड निर्देशांप्रमाणे असं जोडनावाचं, म्हणजे इश्युअरबरोबर दुसऱ्याचंही नाव असलेलं, कार्ड काढायचं तर ज्याचं नाव जोडायचं ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनीच लागते. नाहीतर सरकारी विभाग किंवा बँक. प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचं दुकान) किंवा भागीदारी फर्म त्यात बसत नाही. तीन आठवड्यांत त्यानं हे विचारलं का?

तुमचं दुखणं झेरॉक्सचं आहे, त्याला रुपे कशाला? फक्त तुमच्याच दुकानात चालणाऱ्या कुपनाला किंवा कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, रोख परत द्यायची नाही एवढं पाळायचं. प्रत्येक कुपनाला वेगळा बारकोड टाका, ओळीनं येणारा नंबर नको. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कुपनाची सोय बहुतेक आहेच, कुणी उघडून बघत नाही. स्कॅन झालं की नंबर मेला. झेरॉक्स घेऊन दुसरा पाहुणा आला की पडद्यावर तारीख आणि वेळ दाखवायची, आवाज न चढवता.

एमआयडीसी_टॉवेल

ताईंचं बरोबर आहे. पण असलं कार्ड म्हणजे फसवणूक असं वाचणाऱ्यांनी समजू नये म्हणून लिहितो. आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, प्रायव्हेट लिमिटेड. आम्ही असं कार्ड वापरतो आणि बंद करणार नाही.

आमची गोष्ट वेगळी आहे बे. आधी माल खपवल्याबद्दल डीलरांना स्कीममध्ये मिक्सर, घड्याळं द्यायचो. काउंटरवर आमचा टॉवेल खपवणारा सेल्समन, आणि मिक्सर डीलरच्या घरी. आता त्या सेल्समनच्याच नावानं आमचं नाव असलेलं प्रीपेड कार्ड काढतो आणि महिन्याला त्यात पैसे टाकतो. कुठंही चालतं हाच त्याचा फायदा. त्याला टॉवेल नको असतो, पोराच्या शाळेची फी भरायची असते.

पहिल्या वर्षी मात्र केस पांढरे झाले. कार्डासाठी नावांची एक्सेल आमच्याच ऑफिसात भरली. ज्यांचे मोबाइल नंबर नव्हते तिथं आमच्या मुनीमजींनी रिकामं ठेवायला नको म्हणून स्वतःचा नंबर टाकला. चौदा जणांना! झालं, लातूरचा माणूस ऑनलाइन फी भरायला बसला की ओटीपी मुनीमजींच्या फोनवर. ते जेवायला बसले की तिकडं व्यवहार फेल. आठ दिवस त्यांना वाटत होतं कुणीतरी त्यांचं खातं लुटायलंय. त्या भीतीनं ओटीपी कुणाला सांगितला नाही, हे मात्र त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं.

दुसरं, पुन्हा भरता येणारं नवं कार्ड ऑनलाइन वापरासाठी बंद अवस्थेतच येतं, ते ज्याचं त्यानं ॲपमधून चालू करायचं. हे आम्हाला फोनांच्या भडिमारानंतर कळलं. कार्डावर आमचं नाव, त्यामुळं फोन प्लॅटफॉर्मला नाही, आमच्या गेटवर. केवायसीचंही आधी समजून घ्या. मोबाइलवरचा ओटीपी आणि ओळखपत्राचा नंबर यावर १०,००० पर्यंतचं कार्ड मिळतं. त्यापुढं पूर्ण केवायसी, मग शिल्लक २ लाखांपर्यंत चालते. आणि डीलरला दिलेला फायदा वर्षात २०,००० च्या वर गेला की १० टक्के टीडीएस, जुलै २०२२ पासून. आमच्या सीएनं सांगितलं तेव्हा तीन डीलर रुसले.

सगळ्यात मोठा दणका तिसऱ्या वर्षी. प्लॅटफॉर्मचं आणि कार्ड काढणाऱ्यांचं आपसात बिनसलं. आम्हाला एक ईमेल. नवा इश्युअर आला, पण ताई म्हणतात ते बिन जुन्याचं, म्हणून सगळी कार्डं रद्द, सगळी नव्यानं छापायची. जुन्यातली शिल्लक लोकांना मिळाली, पण दीड महिना लागला. करार करताना हे एक कलम वाचा: इश्युअर बदलला तर नव्या कार्डांचा खर्च कुणाचा. आम्ही फक्त दर बघितला होता.

नवीपेठ_कापडवाला

ताई, टॉवेलवाले मालक, दोघांचे आभार. आमची भागीदारी फर्म आहे, बाबा आणि मी. त्या पोरानं एकदाही विचारलं नाही. बारकोडचं बघितलं, सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे आणि चार वर्षं आम्ही त्याचे पैसे भरायलोय.

एक शंका राहिली. कुपन आमच्याकडं घेतलं आणि भावाच्या दुकानात वापरलं तर चालेल ना? भावाची वेगळी प्रोप्रायटरी आहे, जीएसटी नंबर वेगळा. महिन्याच्या शेवटी आम्ही हिशेब मिटवतो.

कार्डाच्या_पलीकडची

नाही चालणार, आणि बरं झालं विचारलंत. परवानगी लागत नाही ती "ज्यानं काढलं त्याच्याच मालासाठी" असेल तर. घर एक, पाटी एक, पण कायद्याच्या नजरेत भाऊ तिसरा माणूस. तुमच्या कुपनावर त्यानं माल दिला आणि महिनाअखेर तुम्ही त्याला पैसे दिले, की तुम्ही दुसऱ्याच्या वतीनं पैसे चुकते करणारे झालात. दोघांनी आपापली वेगळ्या रंगाची कुपनं काढा, नाहीतर दोन्ही दुकानं एका फर्मखाली आणा. ते दुसरं सीएसमोर बसूनच ठरवा, घरच्या जेवणाच्या ताटावर नको.

जीएसटीचंही त्याच बैठकीत विचारून घ्या. ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकानं एवढं स्पष्ट केलंय की कुपनाची देवाणघेवाण म्हणजे मालाची विक्री नाही. कर लागतो तो कुपन देऊन साडी घेतली त्या बिलावर. न वापरलेल्या कुपनाच्या रकमेवर जीएसटी नाही.

नवीपेठ_कापडवाला

रंग ठरले. आमचं जांभळं, भावाचं हिरवं. हिरवा त्यानं आधीच पकडला होता. बाबांना सगळं वाचून दाखवलं. चादर-नोटांच्या वाक्याबद्दल त्यांना फार बरं वाटलं, मुनीमजींच्या ओटीपीवर मात्र हसले नाहीत. म्हणाले, मीही सांगितला नसता.

पोरगं उद्या अकराला परत येणार आहे. कंपनी की फर्म, हे आता मीच त्याला विचारतो.

कार्डाच्या_पलीकडची

विचारा, पण चहा पाजून. त्याचाही टार्गेटचा महिना असेल.