मदत हवी आहे: 'टेस्ट'ला मराठीत कुठे काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मी एक छोटी शब्दपुस्तिका करते आहे. शब्द, अर्थ, दोन-तीन वाक्यं, बस्स. 'टेस्ट'ला अर्धं पान पुरेल असं वाटलं होतं. आठ दिवस त्यावरच अडून बसले आहे.

पहिली ठेच क्रियापदाला लागली. 'टेक द टेस्ट'साठी मी सरळ 'चाचणी घ्या' लिहिलं. मुद्रितं वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'कोणाची घ्यायची?' तिचं बरोबर होतं. इंग्रजीत विद्यार्थी टेस्ट 'टेक' करतो. आपल्याकडे शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी देतो. प्रयोगशाळेत मात्र चाचणी 'करतात', आणि रुग्ण ती 'करून घेतो'. एका इंग्रजी शब्दापुढे मराठीत चार क्रियापदं उभी राहतात आणि चुकीचं निवडलं की वाक्यातली माणसंच बदलतात.

मग व्युत्पत्ती पाहिली आणि फार आनंद झाला. लॅटिनमध्ये 'टेस्टम' म्हणजे मातीचं भांडं. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १४व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता सोन्याचांदीतलं हीण काढायचं सच्छिद्र भांडं. धातूत शिसं घालून तापवायचं. शिशाचं ऑक्साइड हीण घेऊन भांड्याच्या अंगात मुरतं आणि वर शुद्ध धातूचा मणी उरतो. पारखण्याचा अर्थ त्यातून १६व्या शतकाच्या अखेरीस आला. आता आपली 'कसोटी' बघा: काळा दगड, त्यावर सोनं घासून उमटलेली रेघ, त्या रेघेवरून ठरणारा कस. दोन्ही भाषांनी हा शब्द सोन्याचांदीच्या कामातूनच उचलला! 'अ‍ॅसिड टेस्ट'चं मूळही तिथलंच. नायट्रिक आम्ल टाकलं की हलका धातू विरघळतो, सोनं टिकतं. ('टेस्टामेंट', 'टेस्टिमनी' यांचा याच्याशी संबंध नाही. ते साक्षीदार या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दातून आले. हा घोटाळा शिकणाऱ्यांचा हमखास होतो.)

इतकं साम्य आहे तर सगळीकडे 'कसोटी' का चालत नाही? कारण मराठीत तिचं वजन वाढलं. १८७७ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलिया-इंग्लंड पहिला टेस्ट सामना झाला, त्या प्रकाराला 'कसोटी' शोभून दिसते. पाच-पाच दिवस खेळाडूंचा कस लागतो. 'काळाच्या कसोटीवर उतरलेलं' हेही छान. पण 'रक्ताची कसोटी' म्हटलं की पेशंट घाबरेल. तिथे 'तपासणी' किंवा 'चाचणी'च हवी. त्यातही डॉक्टर हाताने, कानाने करतात ती तपासणी आणि नमुना घेऊन होते ती चाचणी, असा फरक मला जाणवतो. तुमच्या कानाला तो पटतो का?

वाक्प्रचारांनी उलट सुखद धक्का दिला. कुणी आपला पेशन्स 'टेस्ट' करत असेल तर मराठीत तो 'अंत पाहतो'. 'टेस्ट द वॉटर्स'साठी 'खडा टाकून पाहणे' आहेच. मला हे मूळ इंग्रजीपेक्षाही नेमकं वाटतं, कारण खडा टाकणारा स्वतः काठावरच उभा असतो.

लिपीची अडचण वेगळीच. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट देवनागरीत सारखीच दिसतात. गंमत म्हणजे चवीच्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही हात लावून पाहणे, पारखणे असाच होता. पण नवशिक्याला हे सांगून काय उपयोग? त्याला तर दोन्ही शब्द वेगळे ऐकू यायला हवेत.

आता जिथे खरंच अडलं आहे ते सांगते. 'शी टेस्टेड पॉझिटिव्ह' यात इंग्रजीत बाईच कर्ता आहे. 'तिची चाचणी सकारात्मक आली' हे मला लिहवत नाही. आजार निघाला आणि शब्द मात्र चांगली बातमी दिल्यासारखा. 'तिला संसर्ग झाल्याचं चाचणीत आढळलं' हे स्वच्छ आहे, पण लांब होतं, शिवाय गर्भचाचणीला लागू पडत नाही.

दुसरं, 'युनिट टेस्ट'. शाळेतली 'घटक चाचणी' सगळ्यांना ठाऊक आहे. सॉफ्टवेअरमध्ये कोडचा लहानसा तुकडा सुटा तपासतात, त्यालाही हेच म्हटलं तर वाचणाऱ्याला वर्गच आठवेल. या क्षेत्रातले लोक आपसात मराठीत बोलताना काय म्हणतात?

आणि तिसरं, 'टेस्ट मेसेज'. पोचतोय का एवढंच पाहायला पाठवलेला, आत काही नसलेला. 'चाचणी संदेश' वाचून परीक्षेचा निरोप आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा 'पाहण्यापुरता पाठवलेला संदेश' बरा, पण तो मथळ्यात मावत नाही. दोन शब्दांत बसणारं काही सुचतंय का? पुढच्या आठवड्यात पानं छपाईला द्यायची आहेत.