मदत हवी आहे : परदेशी ग्लायडर परवान्याला युरोपात मान्यता

नमस्कार. माझ्याकडे युरोपीय संघाबाहेरील देशाने दिलेला ग्लायडर वैमानिक परवाना असून, संघातील एखाद्या देशात भाड्याचे ग्लायडर घेऊन एकट्याने उड्डाण करण्याची इच्छा आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२व्या कलमानुसार वैमानिकाचा परवाना विमान जिथे नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य ठरवलेला असावा लागतो. त्यामुळे मूळ परवाना कितीही चोख असला, तरी परदेशी नोंदणीच्या ग्लायडरसाठी तो आपोआप चालत नाही.

युरोपीय नियमांत तात्पुरती मान्यता आणि ‘एसपीएल’मध्ये (युरोपीय ग्लायडर वैमानिक परवान्यात) रूपांतर असे दोन मार्ग दिसतात. केवळ एका हंगामापुरते उडायचे असेल, तर पहिला मार्ग पुरेसा ठरेल असे मला वाटते. ज्यांनी तो अनुभवला आहे, त्यांनी लेखी परीक्षा आणि परीक्षकासोबतचे उड्डाण यांविषयी कृपया सविस्तर लिहावे.

माझी बहुतेक उड्डाणे विंचवरची, म्हणजे जमिनीवरील यंत्राने दोर ओढून ग्लायडर हवेत चढवण्याच्या पद्धतीची आहेत. विमानाने ओढून नेण्याच्या पद्धतीची नोंद लॉगबुकात असली, तरी ती परवान्यावर स्वतंत्रपणे लिहिलेली नसल्यास तेथील क्लब ती ग्राह्य धरतात का? शिवाय मूळ देशाकडून परवान्याच्या खरेपणाचे पत्र अर्जदाराने मिळवायचे, की दोन्ही प्राधिकरणे परस्पर पत्रव्यवहार करतात, हेही कळवावे.