शोतोकान कराटेच्या जोडीला दुसरी कोणती जपानी कला? सल्ला हवा

गुडघे_शाबूत (धागाकर्ता)
शोतोकान, तपकिरी पट्टा, वय 34, आठवड्याला तीन दिवस सराव. अंतरावरून मारणं-अडवणं जमतं, पण समोरच्याने कपडा धरला की गाडी अडते. ज्युदो, आयकिडो, केंडो (बांबूच्या तलवारीची लढत), इआइदो (म्यानातून तलवार काढून वार करण्याची कला) यांतली एक कला जोडायची आहे. आधीचं शिकलेलं कुठे उपयोगी पडेल, कुठे आड येईल आणि आठवडा कसा बसवावा? "शेवटी सगळं एकच" असली उत्तरं कृपया नकोत.

ओला_तातामी
अडचण कपडा धरल्यावरची आहे, म्हणजे ज्युदो. साम्य बघायचं तर 'हिकिते' हा एकच शब्द घ्या. कराटेत ठोसा मारताना कमरेकडे ओढलेला हात म्हणजे हिकिते. ज्युदोत समोरच्याची बाही धरून ओढणारा हात, त्यालाही हिकितेच म्हणतात. कराटेच्या वर्गात वर्षानुवर्षं रिकामी मूठ कमरेला जाते. त्या मुठीत बाही आली की ओढ कशासाठी होती ते कळतं. फरक एवढाच की ज्युदोत ओढ कमरेकडे नसते. बहुतेक डावांत ती आधी वर आणि बाहेर जाते, समोरच्याच्या टाचा उचलल्या जाईपर्यंत. याला कुझुशी म्हणतात, म्हणजे तोल मोडणं. तोल मोडायच्या आधीच अंग आत घुसवलं तर सेओइ-नागे (आपला धोबीपछाड त्याच घराण्यातला) लागत नाही, उलट आपलीच पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते.

आड काय येतं? झेनकुत्सु-दाची. पवित्रा लांब, पुढच्या पायावर साधारण 60 टक्के भार, मागचा गुडघा ताणलेला. भार येत असताना तो पुढचा पाय दे-आशि-हाराइला (पुढचा पाय झाडून पाडण्याच्या डावाला) आयता सापडतो. ज्युदोत खांद्याएवढ्या अंतरावर पाय ठेवून उभं राहायचं आणि पाय जमिनीलगत सरकवायचे. कराटेकांचा दुसरा दोष म्हणजे दोन्ही हात ताठ करून समोरच्याला लांब ठेवणं. अशाने हात दोन मिनिटांत भरून येतात.

डावांच्या आधी मात्र पडणं शिका. पहिला महिनाभर रान्दोरी (मोकळी लढत) नको. उकिडवं बसून मागे पडायचं, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून 30 ते 45 अंशांवर आपटायचे, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम. हात खांद्याच्या रेषेत उघडले तर झटका खांद्याला बसतो. मागे टेकायला हात लावला तर मनगट किंवा कोपर जातं. पुढच्या कोलांटीत करंगळीची कड, कोपर, खांदा आणि मग पाठीवरून तिरपं विरुद्ध कुल्ल्याकडे. मध्येच कोपर दुमडलं की खांद्याचं टोक आपटतं आणि गळपट्टीचं हाड मोडतं. ओसोतो-गारी (पाय मागून उडवून मागे पाडण्याचा डाव) खाताना डोकं मागे आपटण्याचा धोका सगळ्यांत जास्त, म्हणून तो डाव नवख्यावर पूर्ण वेगात टाकू देऊ नका.

बोकुतो_आणि_चहा
वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण 34 व्या वर्षी थेट ज्युदो नको असेल तर आयकिडोतही पडणं शिकता येतं आणि ते जास्त गोल असतं. मात्र कराटेकांचा तिथे एक हमखास घोळ होतो. शोमेन-उचि (डोक्यावर सरळ वार), योकोमेन-उचि (डोक्याच्या बाजूवर तिरपा वार) हे हल्ले मुळात तलवारीचे आहेत. हात पुढे येतो, तो अंगाचा भार घेऊन येतो आणि तिथेच राहतो. कराटेक मात्र त्सुकि (ठोसा) मारून हात परत ओढतो. मग इरिमि (आत शिरणं) करणाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि दोघेही म्हणतात, समोरच्याला येत नाही! उके (हल्ला करून डाव खाणारा) असताना हल्ला सोडून द्यायचा, तोल पुढे जाऊ द्यायचा. शिहोनागेत (हात मुडपून मागे पाडण्याच्या डावात) मात्र हात मागे गेल्यावर ताठरू नका, हनुवटी आत घ्या. डोकं मागे आपटतं ते इथेच. गुडघे जपायचे असतील तर शिक्को (गुडघ्यांवर चालणं) दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि फरशीवर तर अजिबात नको.

ज्युदो आणि आयकिडो दोन्ही हवं असेल तर तोमिकी शैली बघा. तोमिकी केन्जी हे कानो (ज्युदोचे संस्थापक) आणि उएशिबा (आयकिडोचे संस्थापक) या दोघांचेही शिष्य. त्यांच्या शैलीत रान्दोरी आहे, एकाच्या हाती मऊ सुरी, दुसरा निःशस्त्र. आपल्याकडे हिचा वर्ग मिळणं मात्र कठीण.

डावी_टाच_वर
केंडोबद्दल थोडं. कराटेत मागची टाच जमिनीत रोवतात, केंडोत डावी टाच उचललेली राहते. कराटेत हान्मी (अंग तिरकं धरणं) घेऊन कंबर तिरकी करतात, केंडोत ती सरळ समोर. कराटेत दोन्ही बाजू घोटतात, केंडोत उजवा पाय कायम पुढे. सुरुवातीचे तीन-चार महिने दोन्हींत पाय गोंधळतात. केंडोच्या दिवशी वर्ग सुरू करण्याआधी पाच मिनिटं नुसतं ओकुरि-आशि (उजवा पाय पुढे ठेवून सरकत चालणं) करा, म्हणजे पायांना आज काय आहे ते कळतं. फुमिकोमिचे (वार करताना उजवा पाय आपटण्याचे) दणके काँक्रीटवरच्या फरशीवर मारू नका. उजव्या टाचेची आणि डाव्या टाचेमागच्या शिरेची वाट लागते.

मिळकत कोणती? माआइ, म्हणजे अंतर. एक पाऊल टाकून एक वार पोहोचेल ते इस्सोकु-इत्तो-नो-माआइ डोळ्यात बसलं की कुमितेत (कराटेच्या लढतीत) घाईने आत शिरणं कमी होतं. कपडा धरण्याच्या प्रश्नावर मात्र केंडो काहीच करणार नाही, हे आधीच सांगतो.

इआइदोची जोड केंडोला, कराटेला नाही. तरी घेतलंच तर आधी म्यान असलेल्या लाकडी बोकुतोवर. इआइतो (सरावाची बोथट धातूची तलवार) नंतर, 170 सेंमी उंचीला पात्याची लांबी जपानी मापात साधारण 2 शाकु 4 सुन 5 बु, म्हणजे सुमारे 74 सेंमी. केंडोवाल्यांचा वार डोक्याच्या उंचीवर थांबतो, इआइचा खाली कमरेपर्यंत येतो आणि टोक आडव्या रेषेच्या किंचित खाली थांबतं. ती सवय मोडताना खांदे भरतात.

गुडघे_शाबूत (धागाकर्ता)
आभार. ज्युदोकडे कल आहे. कराटेचाच पोशाख चालेल का? आणि आठवडा?

ओला_तातामी
नाही चालणार. कराटेचा पातळ कॅनव्हास काखेत आणि खांद्यावर फाटतो, बहुधा पहिल्याच आठवड्यात. गंमत म्हणजे कराटेने हा पोशाख आणि पट्टे ज्युदोकडूनच उचलले. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी 1922 साली ओकिनावाहून तोक्योला आले त्यानंतरची ही गोष्ट.

आठवडा असा: सोम आणि गुरू ज्युदो, मंगळ आणि शनि कराटे. मंगळवारी कुमिते नको, काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याचा सराव) करा. रान्दोरीनंतर पकडीचे स्नायू आणि बोटं आखडलेली असतात, अडवताना बोटं दुखावतात. काळ्या पट्ट्याची परीक्षा असेल त्याआधी दोन महिने ज्युदो एकच दिवस. नव्या वर्गात पांढरा पट्टा बांधा आणि दोन्हीकडच्या सरांना आधीच सांगून ठेवा.

जागा बघताना जमिनीकडे लक्ष द्या. एकमेकांत अडकणाऱ्या 2 सेंमीच्या मॅट कराटेला पुरतात. फेकाफेकीला 4 ते 5 सेंमी जाडीचे तातामी हवेत आणि ते सरकता कामा नयेत. फटीत पायाचं बोट अडकलं की सहा आठवडे घरी. शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून ज्युदो शिकवत असतील तर पुढे जा, दुसरा वर्ग शोधा.