रोज पाऊण तास मिळतो, त्यात आपल्या माळरानाचं मिक्स्ड मीडिया चित्र कसं जमवायचं?

रेवा_जुळेसोलापूर:
नमस्कार सगळ्यांना. मी नोकरी करते, घरी दोन मुलं आणि सासूबाई, रात्रीची जेवणं आणि आवराआवर झाली की पावणेदहाला कुठं पाऊण तास मिळतो, तोही रोज नाही. कॉलेजात जलरंग करायचे, मग दहा वर्षं ब्रश हातात नव्हता, आता परत सुरू केलंय. गेल्या महिन्यात सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला हुरड्याला गेलो होतो तेव्हा तिथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्यपण बघितलं, माळढोक काय दिसला नाही पण काळविटांचा कळप दिसला आणि ते गवत, धड पिवळं नाही धड तपकिरी नाही, मधूनच लालसर, आणि कडेच्या रानात काळी ढेकळं, ते डोक्यातून जातच नाहीये. नुसत्या जलरंगात तो खरखरीतपणा येईना म्हणून ॲक्रेलिक, फाडलेले कागद, सुतळी, ऑइल पेस्टल सगळं एकत्र करून, म्हणजे मिक्स्ड मीडिया, बघतेय.

अडचण अशी की सामान काढण्यात १५ मिनिटं जातात, आवरण्यात १०, आणि मधल्या वीस मिनिटांत घाईघाईनं एकावर एक थर देते, खालचा ओलाच असतो, सगळा चिखल होतो. एका चित्रात तर पेस्टलवर ॲक्रेलिक दिलं, ते दोन दिवसांत पापुद्र्यासारखं सुटलं. वेगळी खोली नाही, जेवणाचं टेबल तोच स्टुडिओ. एवढ्या वेळात कुणी नीट काम करतंय का? कसं करता?

कंबरतलाव_काका:
रेवाताई, मी शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालोय. पापुद्रे सुटले कारण ऑइल पेस्टल तेलकट मेणकट असतं, त्याच्यावर पाण्याचा रंग धरतच नाही. क्रम उलटा करा, आधी ॲक्रेलिक आणि चिकटवाचिकटवी, पेस्टल अगदी शेवटी.

आणि वेळेचं म्हणाल तर एका रात्रीत अख्खं चित्र करायचं हे डोक्यातून काढून टाका. एका रात्री एकच थर. सोमवारी फक्त गेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तर-थर) लावून ठेवा, मंगळवारी आभाळ आणि जमिनीचे मोठे दोन-तीन भाग, बुधवारी कागद चिकटवा, बाकी काही नाही. रात्रभर वाळतंय म्हणजे तुमचं काम चालूच आहे की, तुम्ही झोपलात तरी. सहा बाय सहा इंचाचे चार माउंटबोर्डचे (जाड पुठ्ठ्याचे) तुकडे एकदम काढा, चारही एकाच जागेचे, म्हणजे एक ओला असेल तर दुसरा घ्यायचा, हात रिकामा राहत नाही. मी नोकरीत असताना एकरुख तलावाचा तोच एक काठ दोन वर्षं काढत होतो. जागा बदलत बसलं की दर वेळी पहिल्यापासून विचार करावा लागतो, आणि त्यातच निम्मा वेळ जातो ओ.

सामान एका मोठ्या ताटात ठेवा, ताट उचललं की काम सुरू. एप्रिल-मेमध्ये मात्र पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत कातडं धरतो आपल्याकडं, तेव्हा खाली ओलं फडकं आणि त्यावर बटर पेपर ठेवून रंग काढा.

मागवाला_पूर्वभाग:
काकांचं बरोबर हाय. ताई, मी पूर्व भागातला, आमच्या घरी लहानपणापासून चादरीचे माग बघितलेत. जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायला लावतात ती, जुनी भोकाची पुठ्ठ्याची कार्डं कुठल्या बंद पडलेल्या मागाकडं मिळाली तर सोडू नका. ते कार्ड बोर्डवर ठेवून वरून स्पंजानं घट्ट रंग थापला की ठिपक्यांच्या ओळी उमटतात, लांबून बघितलं तर पेरलेली ज्वारी वाटते, मला तर लई आवडतं. पण सगळ्या चित्रभर नको, एका कोपऱ्यात. आणि सुतळीपेक्षा मागाचं वाया गेलेलं सूत घ्या, रंगीत पण मिळतं, ते बारीक असल्यामुळं नांगरटीच्या सऱ्या नीट येतात. ॲक्रेलिक मीडियम (ॲक्रेलिकचंच, पण बिनरंगाचं, चिकटवायलाही चालतं) लावून त्यात सूत दाबायचं, वरून परत एक हात. रविवारी तासभर बसून नुसते कागद रंगवून ठेवा, गवताचे, मातीचे, आभाळाचे, वेगवेगळ्या पाकिटात. मग आठवडाभर रात्री फक्त फाडायचं आणि लावायचं, रंग कालवायची कटकटच नाही.

काळीमाती७७:
माझं थोडं वेगळं मत आहे. माळरान काढताय तर मातीच वापरा ना! मी तीन वर्षं करतेय. काळी माती वाळवून, कुटून मैद्याच्या चाळणीनं चाळायची, मग पाण्यात कालवून दोन मिनिटं थांबायचं, खडे आणि वाळू तळाशी बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ते वाळू द्यायचं. त्या दुसऱ्या भांड्यात राहते ती पिठासारखी माती. ही ॲक्रेलिक मॅट मीडियममध्ये कालवून पातळ थर द्या. जाड दिला तर भेगा पडणार, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानात बघतो तशाच. मला ह्या भेगा हव्याच असतात म्हणून मुद्दाम एका ठिकाणी जाड थापते, वाळल्यावर भेगांत पातळ मीडियम सोडते म्हणजे तुकडे गळत नाहीत. लालसर रंगासाठी मुरूम असाच चाळून घ्या. पातळ कागदावर करू नका, कागद वाकला की माती सुटते, बोर्डच हवा. सरावाला फेविकॉल चालतं पण मी ते पावसाळ्यात दमट होऊन मऊ पडलेलं बघितलंय, ठेवायचं चित्र असेल तर मीडियमच घ्या.

रेवा_जुळेसोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. ताट केलं, स्टीलची जुनी परात होती त्यात सगळं बसलं. चार तुकडे काढले, चारही त्या नान्नजच्या गवताचेच. दोन पूर्ण झाले, खरंच पूर्ण! कार्ड नाही मिळालं पण सूत मिळालं, आणि काळ्या मातीची भेग अशी पडली की सासूबाई म्हणाल्या हे आमच्या गावाकडचं रान आहे, आणि त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या, आता रोज बसतात, कागद फाडून देतात. तिसऱ्यात गवत अजून जमेना, फार पिवळं होतंय.

काळीमाती७७:
पिवळ्यात जांभळ्याचा अगदी थेंब टाकून बघा, काळा नको. आणि फ्रेम करताना काच मातीला टेकू देऊ नका, मध्ये पट्टी टाकायला सांगा. सासूबाईंना नमस्कार सांगा.