आधी दार ठरवा, मग शेड
परसात सुतारकामासाठी १० बाय १२ फुटांची पत्र्याची शेड आणि मधोमध टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत, हा तुमचा बेत वाचला. शेड होईल हो, पण प्लायचा अख्खा तक्ता ८ बाय ४ चा. तो लांबीत फाडायचा तर पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळे हवेत. १२ फुटांत कसं बसणार? सॉ दाराच्या रेषेत ठेवा, तक्त्याचं शेपूट अंगणात जाऊ दे. मला हे उशिरा सुचलं. माझ्या शेडच्या समोरच्या पत्र्याला तक्ता आदळून पडलेला पोचा अजून तसाच आहे.

पत्र्याला मात्र माझा विरोधच. आमच्या चिपळुणात दुपारी भट्टी, आणि थंडीत पहाटे आतल्या बाजूने दव ठिबकतं. रंध्याच्या पात्यावर एका रात्रीत तांबूस ठिपके! कौलं घाला, आणि जोतं फूटभर तरी उचला, नाहीतर वाळवी आलीच. पावसाळ्यात पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्या, तेलाच्या फडक्याने पुसून पेटीत ठेवायच्या. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र बोळा करून भुशात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा.

मोटरसाठी वेगळी लाइन आणि १६ अँपिअरचा प्लग हवाच. ज्यावर काम करायचं त्या बाकाची उंची कुणा दुसऱ्याच्या मापाने नको: ताठ उभं राहून हात सैल सोडा, मनगट येईल तिथवर बाक. रंधा मारताना कंबर दुवा देते.