अनुभव धागा: आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीचे) सुरुवातीचे दिवस

रानजाई
भाचीने काल फॅमिली ग्रुपवर तिच्या पाच दिवसांच्या एम्ब्रियोचा (भ्रूणाचा) फोटो टाकला. खाली आशीर्वादांचा पाऊस! मला मात्र माझे दिवस आठवले. सासूबाईंनी आळीत सांगितलं होतं, 'सूनबाईला पाठदुखीसाठी मुंबईला नेतोय.' ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजलेल्या हर्षाचा जन्म घडवला, त्या बातमीचं कात्रण ह्यांनी पाकिटात जपून ठेवलं होतं. घडीवर फाटलं, तरी टाकलं नाही. तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा. नाव नको असेल तर दुसऱ्या आयडीने लिहा.

चकोर
मी १९९४ चा. बारावीनंतर सांगितलं. बाबांनी आधी पंखा बंद केला, मग बोलायला लागले. मला वाटलं, दत्तक घेतलंय! मी नुसतं 'बरं' म्हटलं तर आई रडायलाच लागली. एवढी वर्षं धाकधूक घेऊन वावरली बिचारी.

मीनल७
चकोर, आईला माझा नमस्कार सांग.
इंजेक्शनं! पावडर वेगळी, पाणी वेगळं, काचेच्या अँप्यूल छोट्या कानशीने घासून टचकन मोडायच्या. ते औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढायचे म्हणे. कोण कुठल्या आज्या, त्यांच्या जिवावर माझी मुलगी. बाळ उठलं (नात!), नंतर लिहिते.

लॅबवाली
खरंय मीनलताई. आमच्या मॅडम सांगायच्या, तेव्हा कल्चर मीडियम (भ्रूण वाढवायचं द्रावण) लॅबमध्येच बनवायचे आणि आधी उंदराच्या भ्रूणांवर तपासायचे. स्त्रीबीजं काढायला लॅप्रोस्कोपी (पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने), म्हणजे पूर्ण भूल. सोनोग्राफीने सुईवाटे काढता यायला लागल्यावर बायकांचा केवढा त्रास वाचला! १९९२ मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी इक्सीने (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून) राहिलेल्या गर्भधारणा जाहीर केल्या, तेव्हा कुठे शुक्राणू फार कमी असलेल्या पुरुषांनाही आशा आली. तोवर दोष कुणाचाही असो, बोल बाईलाच.

रानजाई
शेवटचं वाक्य अगदी अगदी.

जुनापानी
कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय कुणालाच आठवले नाहीत? जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ ची, ह्यांची 'दुर्गा' ३ ऑक्टोबर १९७८ ची. तेही गोठवलेल्या भ्रूणातून! सरकारी समितीने दावा उडवून लावला, बाहेर जाऊन शोधनिबंध वाचू दिला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे हर्षाच्या वेळी हिंदुजांसोबत असलेल्या डॉ. टी. सी. आनंद कुमारांनीच त्यांची टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये लिहिलं, भारतातला पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःचा मान असा सोडणारा माणूस विरळा. मला दोघांबद्दलही भरून येतं.

मीनल७
बाप रे, हे माहीतच नव्हतं. घरी वाचून दाखवलं.

ओवी_
आमचं नाही झालं. खूप वर्षं झाली त्याला. पण शेजारच्या कॉटवरची बाई आजही दिवाळीला फोन करते. तिला जुळे झाले, त्यातला एक माझ्या पाया पडून परदेशी गेला. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

रानजाई
ओवी, बरं केलंस लिहिलंस ते.

चकोर
ओवीताई ❤️

नवी_आशा
धागा रात्रीपासून वाचतेय. लॅबवाली, पुढच्या आठवड्यात फ्रोझन ट्रान्सफर (गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडणं) आहे. सगळे म्हणतात झोपूनच राहा. ऑफिसला गेलं तर चालतं का?

लॅबवाली
झोपून राहिल्याने शक्यता वाढत नाही गं. नेहमीची हलकी कामं चालतात, तरी तुझ्या डॉक्टरांना विचार. विपु (विचारपुशीत निरोप) केलीये, बघ.