बी-स्कूलचे निबंध: खरं लिहायचं तर माझ्याकडं आहे काय?

शिरोली_नाइटशिफ्ट
नमस्कार मंडळी. एमबीएसाठी आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) दुसऱ्या राउंडला फॉर्म भरतोय, जीमॅट ही प्रवेश परीक्षा झाली, स्कोर बरा आलाय, पण निबंधापाशी तीन आठवडे अडकलोय. दोन निबंध, प्रत्येकी ४०० शब्द. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवायचा कारखाना) ५ वर्षं आहे, आधी मोल्डिंगला म्हणजे साचे बनवायला, आता क्वालिटीला. एका कन्सल्टंटला पैसे दिले तर त्यांनी ड्राफ्ट पाठवला त्यात मी लहानपणापासून लीडर, मला जगात बदल घडवायचाय वगैरे. आईला त्याचा अर्थ मराठीत सांगितला तर म्हणाली, "हे तुझं न्हाई रे बाळा." ते ऐकल्यापासून तो ड्राफ्ट उघडायचीच इच्छा होत नाही. पण एनजीओ नाही, स्टार्टअप नाही, परदेश बघितला नाही. गेल्या पावसाळ्यात ब्रेक ड्रमचं रिजेक्शन (खराब निघालेला माल) लय वाढलेलं ते आम्ही खाली आणलं, एवढंच. पण ते तर कामच आहे ना. काय लिहू?

तळेगावची_ताई
भाऊ, तो ड्राफ्ट खरंच बाजूला ठेव. तुला नकोसा वाटतोय म्हणून तर ठेवच, पण नियमांचाही प्रश्न आहे. स्टॅनफर्डसारखी कॉलेजं स्पष्ट सांगतात की निबंध दुसऱ्याकडून लिहून घेणं हा नियमभंग, कुणाला वाचायला देऊन मत घेतलं तर चालतं. आणि २०२४ पासून जीमॅटमधला निबंध गेला, त्यामुळे तू कसा विचार करतोस हे कागदावर बघायला त्यांच्याकडे मुख्यतः हेच निबंध उरलेत.

आता मला सांग, "आम्ही खाली आणलं" म्हणजे कोणी? मी दरवर्षी ओळखीतल्या पाच-सहा जणांचे निबंध वाचते आणि आपल्या मराठी पोरांची ही सवय मला प्रत्येकात दिसते, स्वतः केलेल्या कामाला "आम्ही" म्हणायचं, कारण "मी केलं" म्हणणं आपल्याला आगाऊपणा वाटतो. घरात ते शोभतं. निबंधात मात्र वाचणाऱ्याला तू कुठे उभा होतास ते कळतच नाही. माझ्या वेळी इन्सियाड या परदेशी बी-स्कूलला स्वतःची बलस्थानं आणि उणिवा मोकळेपणाने लिहा असा प्रश्न होता, साधारण ५०० शब्द, आणि माझे पहिले चार ड्राफ्ट "आम्ही"नेच भरलेले होते.

पावसाळ्यात नेमकं काय झालं ते इथेच लिही. मराठीत लिही, शब्द मोजू नको.

शिरोली_नाइटशिफ्ट
ताई, लिहितो जमेल तसं. आमचे साचे वाळूचे, पावसात त्या वाळूत ओल वाढते, मग मेटल ओतलं की वाफ अडकते आणि कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल म्हणजे पोकळ भोकं पडतात. लॅबची टेस्ट शिफ्टला एकदाच. आमच्याकडं एक जुने मिस्त्री आहेत, ते मिक्सरजवळ जाऊन मूठभर वाळू घ्यायचे, दाबायचे, मोडायचे, आणि कड स्वच्छ मोडली नाही की म्हणायचे ही वाळू चालायची नाही. कोण ऐकायचं नाही, मीही आधी ऐकलं नाही, प्रॉडक्शन थांबतंय म्हणून एकदा त्यांच्यावर ओरडलोसुद्धा, आणि त्याच रात्रीचा अख्खा लॉट गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन माफी मागितली. मग एक वही केली, मिस्त्री मूठ दाबून जे म्हणतील ते लिहायचं आणि त्याच वेळी सॅम्पल लॅबला द्यायचं. तीन आठवडे तिन्ही शिफ्ट. त्यांचा हात आणि लॅबचा आकडा बहुतेक वेळा जुळला, ती वही मॅनेजरसाहेबांपुढं ठेवली तेव्हा टेस्ट दर दोन तासांनी सुरू झाली. रिजेक्शन उतरलं ते त्यानंतर.

तळेगावची_ताई
हाच तुझा निबंध. आणि ओरडलास ते अजिबात गाळू नको, सगळी गोष्ट तिथेच वळते. रिजेक्शनचा आकडा एका वाक्यात येऊ दे, जागा त्या वहीला दे. हे इंग्रजीत नेताना मिस्त्रींच्या मुठीतली वाळू तशीच राहू दे, तिथे "स्टेकहोल्डर" आणू नको.

रेकोवाला_सातारकर
ताईंचं सगळं पटलं, फक्त एक जोडतो कारण यात माझा मित्र अडकला होता. शिफारसपत्राचं बघ. आपल्याकडे साहेब सर्रास म्हणतात "तूच लिहून आण, मी सही करतो", आणि इथे तर कॉलेज लिंक थेट त्यांच्या मेलवर पाठवतं, तरीही पोरंच लिहून देतात. बऱ्याच कॉलेजांत साहेबांना एक प्रश्न असतो की या उमेदवाराला तुम्ही सुधारणेबद्दल सगळ्यात महत्त्वाचं काय सांगितलंत आणि त्यावर त्यानं काय केलं. तो तू स्वतः लिहिलास तर भाषा तुझ्या निबंधाचीच येणार आणि उणीवही गुळमुळीत. त्यापेक्षा साहेबांना अर्धा तास मागून घे, चहाला बस, ती वही सोबत ने, त्यांना ते दिवस आठवू देत, मग ते त्यांच्या शब्दांत लिहितील. इंग्रजी साधं असलं तरी काही बिघडत नाही.

आणि पुढे काय करणार ते लिहिताना फाउंड्रीपासून लांब पळू नको. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, फाउंड्रींचा एवढा मोठा पट्टा आहे तुझ्या आजूबाजूला, त्यात तुला काय करायचंय ते लिही. सगळे कन्सल्टिंग लिहितात म्हणून तू लिहू नको, खरंच करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

शिरोली_नाइटशिफ्ट
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री शिफ्ट संपल्यावर कँटीनमध्ये बसून मराठीत सहा पानं लिहिली, "मी" लिहिताना हात अडखळत होता पण लिहिलं. सकाळी मिस्त्रींना विचारलं, तुमच्याबद्दल लिहिलं तर चालेल का. म्हणाले, "लिही की, पण त्या दिवशी वाळूत पाणी जास्त झालेलं, बेंटोनाइट नव्हे, ते नीट लिही." (बेंटोनाइट म्हणजे वाळू बांधून ठेवणारी माती.) ते दुरुस्त केलंय. साहेबांनी शनिवारी दुपारी बोलावलंय.